दगडावरचा आकडा



तुम्ही आता अक्षरे जोडून वाचू लागला आहात. एसटीची पाटी, रेशनचे कार्ड, दुकानदाराने दिलेली पावती, हे सारे तुम्ही हळूहळू वाचता. आज आपण एक दगड वाचू.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली आहे. तशी पाटी कदाचित तुमच्याही गावात असेल. कोकणात, साताऱ्याकडे आणि महाराष्ट्रात इतरत्रही अशा पाट्या पुष्कळ गावांत आहेत. कोठे ती चावडीत असते, कोठे शाळेच्या भिंतीत, कोठे पाराजवळ. तिच्यावर फार मजकूर नसतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, एवढे वर लिहिलेले असते. त्यांपैकी इतकी कामी आली, असे खाली लिहिलेले असते. दोन आकडे, बस्स. त्या माणसांची नावे सहसा नसतात.

आमच्या लहानपणी गावात एक म्हातारे होते. त्यांना आम्ही मुले आजोबा म्हणत असू. ते त्या युद्धाला जाऊन आलेले होते. त्यांना अक्षर येत नव्हते. चावडीजवळून जाताना ते थांबत आणि आम्हां शाळेच्या पोरांना विचारीत, "काय लिवलंय रं त्यावर?"

आम्ही मोठ्याने वाचून दाखवीत असू.

मग ते विचारीत, "नावं न्हाईत?"

"न्हाईत, आजोबा."

ते मान हलवीत आणि पुढे जात. काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न. जणू मधल्या काळात कोणी येऊन नावे कोरून गेले असेल.

ती माणसे कोठे गेली होती? तेथे ती कशी राहिली? आणि दगडावर त्यांची नावे का नाहीत? हे आपण आजच्या पाठात पाहू.

१. घर सुटले

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. लढाई इंग्रजांची, पण शिपाई हिंदी. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. त्यांतली सत्तर हजारांहून अधिक मेली. कोणी फ्रान्समध्ये लढले, कोणी आफ्रिकेत, कोणी इजिप्तमध्ये. पण सर्वांत जास्त माणसे गेली ती मेसोपोटेमियात. त्या मुलखाला आज आपण इराक म्हणतो. तेथे तेव्हा तुर्कांचे राज्य होते आणि तुर्क जर्मनांच्या बाजूला होते.

मराठी मुलखातील तरुण मुख्यतः मराठा पलटणींत होते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी पहिल्या वर्षापासून मेसोपोटेमियात होत्या. त्या ज्या मोठ्या फौजेत होत्या तिचे नावच पुणे डिव्हिजन असे होते. या पलटणींची परंपरा पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत चालू राहिली. त्या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे.

सारेच काही बंदूक घेऊन गेले नाहीत. खेचरे हाकणारे, डोली उचलणारे, पाणी वाहणारे भिश्ती, स्वयंपाकी, मोची, धोबी असे हजारो लोक फौजेबरोबर गेले. महार समाजातील तरुणांची भरती सरकारने बऱ्याच वर्षांपूर्वी बंद केली होती. युद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली सरकारने १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. गरज होती तोवर शिपाई, गरज संपली की घरी जा!

ही माणसे का गेली? कोणी बापजाद्यांची शिपाईगिरी म्हणून गेले. पुष्कळजण पोटासाठी गेले. शिपायाला तेव्हा महिना ११ रुपये पगार होता. जमीन थोडी, तोंडे फार, सावकाराचे देणे डोक्यावर. अशा घरात दरमहा येणारे रोख रुपये म्हणजे मोठा आधार वाटे.

आजोबा मराठा पलटणीत होते. ते १९१४ च्या पावसाळ्यानंतर निघाले. त्यांच्याबरोबर गावातलाच त्यांचा एक जोडीदार होता. दोघे एका वयाचे, एकाच आखाड्यात खेळलेले. आजोबांची बायको तेव्हा पोटुशी होती. आजोबा सांगत, "तिनं तोंडानं काय म्हटलं न्हाई. वेशीपत्तुर आली आन् मागं फिरली."

२. परका मुलूख

मुंबईच्या गोदीतून आगबोट निघे. साधारण आठवडाभराने ती इराणच्या आखाताच्या टोकाशी पोचे. पुष्कळांनी त्याआधी समुद्रही पाहिलेला नसे. बोट हले तसे पोटातले ढवळून येई.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी फौजेची पहिली तुकडी फाव नावाच्या जागी उतरली. ११७ वी मराठा पलटण त्या तुकडीत होती. त्याच महिन्यात बसरा शहर इंग्रजांच्या हाती आले. बसरा म्हणजे खजुरांच्या बागांचे शहर. तेथून तैग्रिस नदीच्या काठाने फौज वर वर बगदादकडे सरकू लागली. बसऱ्यापासून बगदाद सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. पण नदी नागासारखी वळणे घेत जाते, त्यामुळे पाण्याची वाट पुष्कळच लांब पडते. आगगाडी नव्हती, पक्के रस्ते नव्हते. दाणागोटा, दारूगोळा, जखमी माणसे, टपाल, सारे नदीवरच अवलंबून.

तो मुलूख कसा होता? उन्हाळ्यात सावलीतही पारा ४५ ते ५० अंशांवर जाई. तंबूत बसलेली माणसे उष्म्याने मरत. पाऊस पडला की जमिनीचा चिखल होई, आणि तो चिखल पायाला असा धरे की बूट निघून येई. वसंत ऋतूत नदीला पूर येई. दूरच्या डोंगरांवरचे बर्फ वितळून ते पाणी खाली येते. हिवाळ्यात रात्री अंग गोठून जाई. माशा तर एवढ्या की घास तोंडात घालणे कठीण.

१९१५ च्या मे महिन्याच्या अखेरीस कुर्ना गावाजवळ पुराचे पाणी चहूकडे पसरले होते. पाण्यातून फक्त वाळूच्या टेकड्या वर दिसत होत्या आणि त्यांवर तुर्क बसले होते. तेव्हा शिपायांना अरुंद लांब होड्यांत बसवले. त्या होड्यांना तेथे बेलम म्हणतात. शिपायांनी हातात बांबू घेतले, होड्या रेटल्या आणि पाण्यातून जाऊन त्या टेकड्या घेतल्या. शेतकऱ्याच्या पोराला सरकारने नावाडी केले!

जेवणात आटा, डाळ, तूप आणि थोडा गूळ मिळे. ताजी भाजी क्वचित मिळे. भाजी नाही म्हणून हिरड्या सुजत, रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. हगवण, पटकी आणि हिवताप हे तर नेहमीचेच. त्या मोहिमेत गोळीने जेवढी माणसे गेली, त्यांहून अधिक रोगांनी गेली.

३. पत्राच्या वाटेवरची चार माणसे

घरापासून इतक्या दूर पडलेल्या शिपायाला घराशी बांधणारा एकच धागा होता. तो म्हणजे पत्र. टपाल आले अशी हाळी झाली की माणसे हातातले काम टाकून धावत.

पण बहुतेक शिपायांना अक्षर येत नव्हते. मग पत्र कसे जाई? नीट पाहा.

शिपाई पत्र लिहीत नसे, तो पत्र सांगत असे. पलटणीतला एखादा लिहिता येणारा माणूस कागद घेऊन बसे. समोर दहा जण रांगेत. हा झाला पहिला माणूस.

पत्र लिहून झाले की ते सरकारी माणसे उघडून तपासत. फौज कोठे आहे, किती माणसे मेली, हे बाहेर फुटू नये म्हणून ही तपासणी असे. हा दुसरा माणूस. फ्रान्समध्ये हिंदी शिपायांची पत्रे तपासण्यासाठी खास कचेरी होती. तेथे पत्रांतला निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून ठेवीत. ती कागदपत्रे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपाईही हुशार. ते काळी मिरी आणि लाल मिरची अशा सांकेतिक शब्दांत लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, एवढे लिहिले की जाणत्याला कळे. पण तपासणारालाही ते कळू लागले होते!

पत्र गावात आले की वाचायला पोस्टमन किंवा शाळेचा मास्तर लागे. हा तिसरा माणूस.

आणि पत्र वाचले जाई ते ओसरीवर, सासऱ्यासमोर, दिरासमोर, शेजाऱ्यांसमोर. शिपायाची बायको दाराआड उभी राहून ऐके. घरचे हे सारे मिळून चौथा माणूस.

आता सांगा, नवरा-बायकोच्या मध्ये चार-चार माणसे. अशा पत्रात मनातले काय जाणार? म्हणून सारी पत्रे एकसारखी होत. आम्ही येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी, वडिलांस दंडवत, लहानांस आशीर्वाद. बायकोचे नावही पत्रात येत नसे. आजोबा म्हणत, "धा माणसं मागं उभी. त्येंच्यासमोर बायकूला काय सांगू? गाय व्याली का, म्हणून इचारायचो."

बायकोलाही तोच जाच. पोर झाले, मुलगा झाला, एवढे सासऱ्याने पत्रात लिहवले. पण मुलगा दिसतो कसा, चालतो कसा, हे सुनेने कोणाला लिहायला सांगावे?

आजोबा बसऱ्याला होते तेव्हा, १९१७ साली, घरून एक पाकीट आले. पत्र नेहमीचेच होते. पण आत घडी घालून एक सुती दोरा ठेवलेला होता. एक टोक साधे, दुसऱ्या टोकाला गाठ. वाचणाऱ्याला काही कळेना. पत्रात दोऱ्याबद्दल अक्षर नव्हते. आजोबांना मात्र कळले. त्यांनी साधे टोक पायाखाली धरले आणि दोरा सरळ वर ओढला. गाठ गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत आली. पोर एवढे झाले होते!

त्या माऊलीला अक्षर येत नव्हते. पोराला भिंतीशी उभे करून तिने दोरा धरला आणि टाळूपाशी गाठ मारली. चारही माणसांना ओलांडून ते एकच पत्र तिच्या नवऱ्यापर्यंत थेट पोचले. आजोबांनी तो दोरा गंडा बांधतात तसा दंडाला बांधून ठेवला.

४. कुटचा वेढा

आता थोडे मागे, १९१५ सालाकडे जाऊ.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात फौज बगदादच्या अगदी जवळ पोचली. २२ नोव्हेंबरला सलमान पाक या जागी मोठी लढाई झाली. तिला टेसिफोनची लढाई असेही म्हणतात. तिन्ही मराठा पलटणी तेथे होत्या. फौजेची साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना नेण्यासाठी नीट सोय नव्हती. त्यांना धक्के खाणाऱ्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले, मग बोटीच्या उघड्या तक्त्यांवर दाटीने निजवले. त्या हालांची पुढे सरकारला चौकशी करावी लागली आणि १९१७ साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला.

आजोबांच्या मांडीत तेथे गोळी लागली. त्यांना बोटीने खाली बसऱ्याला नेले. त्यांचा जोडीदार धडधाकट होता म्हणून मागे राहिला. आजोबा म्हणत, "मला गोळी लागली म्हून मी वाचलो. त्याला लागली न्हाई म्हून तो गेला." असे ते का म्हणत, ते आता कळेल.

फौज मागे हटली आणि ३ डिसेंबरला कुट या गावी येऊन थांबली. कुट हे तैग्रिसच्या वळणात आहे. तीन बाजूंना नदी. ७ डिसेंबरला तुर्कांनी चौथी बाजूही बंद केली. आत शिपाई आणि नोकरचाकर मिळून हजारो माणसे होती. गावचे सुमारे सहा हजार अरब लोक वेगळे. सेनापती होते जनरल टाउनशेंड. मदत लवकर येईल, असे सर्वांना वाटत होते.

मदत आली नाही. बसऱ्याकडून मदतीला निघालेली फौज वाटेतच अडली. तिने जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चार महिने धडका मारल्या. त्यात सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. पण कुटपर्यंत कोणी पोचले नाही.

आत काय चालले होते? जानेवारीत नदीचे पाणी खंदकांत शिरले. माणसे कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहिली. धान्य संपत आले. कोठे काही जव सापडले, पण ते दळायचे कसे? तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले! आपल्या घरात पहाटे जाते घरघरते. तेच जाते आभाळातून पडलेले शिपायांनी पाहिले. पण जाते आले तरी दाणे किती? एप्रिलात दर माणशी रोजचे पीठ दीडशे ग्रॅमच्याही खाली आले. तुमच्या भाकरीला किती पीठ लागते, ते मोजून पाहा. शेवटचे पंधरा दिवस विमानांनी पिठाची पोती टाकली. काही पोती नदीत पडली, काही शत्रूकडे पडली. तंबाखू संपली, तेव्हा माणसे चहाचा चोथा वाळवून ओढू लागली. भाजी म्हणून त्यांनी रानातला पाला उकडून खाल्ला. त्यातला काही विषारी निघाला आणि काहीजण त्यानेच दगावले.

मांस होते, पण ते घोड्याचे आणि खेचराचे. गोरे शिपाई ते खात. हिंदी शिपायांनी ते खाण्यास नकार दिला. धर्माच्या मोठ्या लोकांची परवानगी आहे, असे हिंदुस्थानातून बिनतारी संदेशाने कळवण्यात आले. तरीही बहुतेकांनी आठवड्यांमागून आठवडे घोड्याच्या मांसाला हात लावला नाही.

का बरे? त्यांना मरणाची भीती नव्हती, गावाची होती. आपण घोडा खाल्ला हे गावात कळले तर? जातीतून टाकतील. मुलीला स्थळ येणार नाही. पंक्तीला कोणी बसू देणार नाही. पाहा, शिपाई हजारो कोसांवर, चहूकडे शत्रू, पोटात अन्न नाही. पण त्याच्या मनात गावची पंगत होती! गाव त्याच्यासाठी काही करू शकत नव्हते. त्याला पत्रही पोचवू शकत नव्हते. पण गावाचा धाक मात्र तेथेही पोचला होता.

आम्हांला वाटते, त्या वेळी गावाकडून एक पत्र तेथे पोचायला हवे होते. "बाळा, मिळेल ते खा आणि जिवंत परत ये," एवढे एक वाक्य एखाद्या आईने किंवा पंचाने लिहिले असते, तर पुष्कळ जीव वाचले असते. पण नदीची वाट बंद होती. आणि वाट उघडी असती तरी लिहिणारे हात कोठे होते?

शेवटी एप्रिलच्या मध्यावर, अंगात उभे राहण्याचे त्राण उरले नाही तेव्हा, हजारोंनी ते मांस खाल्ले. तोवर फार उशीर झाला होता. २४ एप्रिलच्या रात्री धान्याने भरलेली जुलनार नावाची आगबोट वेढा फोडून आत शिरायला निघाली. तुर्कांनी नदीत आडवी तार ताणली होती. बोट तेथे अडकून पकडली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडले. वेढा कित्येक महिने चालला होता.

५. वेढ्यानंतर

जनरल टाउनशेंड यांना तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर नेऊन मानाने ठेवले. साध्या शिपायांच्या नशिबी मात्र चालणे आले. उपाशी, आजारी, पायांत धड बूट नाहीत, अशी माणसे भर उन्हाळ्यात वाळवंटातून शेकडो किलोमीटर चालवली. जो बसला तो तेथेच राहिला. पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन या जागी आगगाडीचा रस्ता बांधण्याच्या कामाला लावले. कैद झालेले हिंदी शिपाई आणि नोकर मिळून दहा हजारांवर होते. त्यांतले सुमारे तीन हजार मेले किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही.

आजोबांचा जोडीदार त्या तीन हजारांतला एक. तो नेमका कोठे मेला, कधी मेला, हे कोणालाच कळले नाही. आजोबा १९१९ साली परत आले, तेव्हा त्याची आई दारात उभी होती. तिने विचारले, "तू म्होरं आलास, त्यो मागनं येतोय न्हवं?" आजोबा म्हणत की गोळी लागली तेव्हा मी रडलो नाही, त्या दारात रडलो.

आणि स्वतःच्या घरी? चार वर्षांचा मुलगा बापाला पाहून आईच्या पदराआड लपला. आजोबांनी दंडाचा दोरा सोडला आणि मुलाच्या शेजारी धरला. मुलगा गाठीच्या खूप वर गेला होता.

६. नाव आणि आकडा

युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने स्मारके बांधली. ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा माणसांसाठी १९२९ साली बसऱ्याजवळ मोठे स्मारक झाले. ते चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी सुभेदार-जमादारांचीही नावे कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत. पलटणीचे नाव लिहिले आणि पुढे मेलेल्यांचा नुसता आकडा लिहिला.

गोरा शिपाई मेला तर नाव. काळा शिपाई मेला तर आकडा. मरणात दोघे सारखे, दगडावर मात्र वेगळे!

या अन्यायाची कबुली मिळायला शंभर वर्षे लागली. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली एक अहवाल काढला. हिंदी आणि आफ्रिकी शिपायांना गोऱ्यांच्या बरोबरीने मान दिला गेला नाही, हे त्यात मान्य केले आणि क्षमा मागितली. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही पार्लमेंटात क्षमा मागितली.

एक गोष्ट चांगली आहे. दगडावर नसली तरी पुष्कळ नावे कागदावर उरली आहेत. त्या आयोगाच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात. पलटण आणि शिपायाचे नाव घालून शोध घेता येतो. कित्येक नोंदींत बापाचे नाव असते, गावाचे नाव असते, जिल्हाही असतो. नोंदी इंग्रजीत आहेत. पण गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगितले, तर ती शोधून देतील. तुमच्या पाटीवरचा आकडा नावांत बदलता येईल का, हे पाहण्यासारखे आहे.

७. आमची चूक

आता आम्ही आमची एक चूक तुम्हांला सांगतो.

आजोबा आम्हांला त्यांच्या जोडीदाराचे नाव सांगत. नुसते नाव नाही, बापाचे नाव, आडनाव, घर कोणते, सारे सांगत. आम्ही ऐकत असू. पुढे आम्ही शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. आयुष्यभर फळ्यावर लिहिले, हजेरीपटावर हजारो मुलांची नावे लिहिली. पण ते एक नाव आम्ही कधी लिहून ठेवले नाही. लिहू कधीतरी, असे म्हणत राहिलो. आजोबा वारले. त्यांचा मुलगाही वारला. जोडीदाराच्या घरचे लोक फार पूर्वी गाव सोडून गेले होते. आज ते नाव आठवायला बसलो, तर आम्हांला ते आठवत नाही.

आजोबांना अक्षर येत नव्हते, तरी त्यांनी ते नाव पन्नास वर्षांवर जपले. आम्हांला अक्षर येत होते आणि आम्ही ते हरवले.

म्हणून आमचे तुम्हांला सांगणे आहे. तुम्ही वाचायला शिकलात ते फक्त एसटीची पाटी वाचण्यासाठी नाही. तुमच्या गावातूनही कोणी सैन्यात असेल. आज फोन आहे, आवाज ऐकू येतो. तरी स्वतःच्या हाताने त्याला एक पत्र लिहा. मधे कोणी लिहिणारा नको, कोणी वाचणारा नको. ते पत्र तो खिशात ठेवील, पुन्हा पुन्हा वाचील. आणि गावात कोणी म्हातारे माणूस जुन्या गोष्टी सांगत असेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. नावे विचारा. आजच विचारा.

आमच्या गावच्या पाटीवर अजूनही दोनच आकडे आहेत. तुमच्या गावी तरी आकड्यांच्या शेजारी नावे येऊ द्या.

प्रश्न

१. शिपाई आणि त्याची बायको यांच्यामध्ये पत्राच्या वाटेवर कोणती चार माणसे होती?

२. आजोबांच्या बायकोने पाकिटात दोरा का घातला?

३. कुटच्या वेढ्यात हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस का नाकारले? तुम्ही तेथे असता तर काय केले असते? वर्गात बोला.

४. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नोंद कशी आहे? हिंदी शिपायांची कशी आहे?

करून पाहा

१. गावात युद्धाची पाटी असल्यास ती स्वतः वाचा आणि वहीत उतरवून घ्या.

२. घरातून दूर गेलेल्या एका माणसाला पाच ओळींचे पत्र लिहा. पहिली ओळ खुशालीची नको, मनातली लिहा.

३. घरातल्या किंवा गावातल्या तीन वृद्ध माणसांची आणि त्यांच्या आईवडिलांची पूर्ण नावे विचारून वहीत लिहा. आईचे नाव विसरू नका.